सहलीची वही आणि वहीबाहेरची माणसे

स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी आला तेव्हा मी लसीकरणावर किंवा बालकांच्या आहारावर लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयांवर मी या पानांतून यापूर्वी पुष्कळ लिहिले आहे आणि वाचकांनी ते सोसलेही आहे. या वेळी मात्र मी एका निराळ्या विषयाची परवानगी मागून घेतली. आपल्या मंडळाच्या सहलींचा हिशेब हा तो विषय. वाचकांना तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या या टापूतील डॉक्टरांची मने निदानाच्या मतभेदावरून किंवा रुग्ण पळवल्याच्या संशयावरून जितकी दुरावली नसतील, तितकी सहलीच्या खर्चावरून दुरावलेली मी पाहिली आहेत. आणि रक्कम पाहिली तर ती बहुतेक वेळा एका दिवसाच्या ओपीडीच्या मिळकतीहूनही कमी.

आपली परिस्थितीही थोडी विशेष आहे. हट्टा आणि आसपासचा हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतात होता. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर तिकडे गेले, बालाघाट जिल्हा इकडे राहिला आणि त्याबरोबर आपली मराठी घरेही इकडे राहिली. दवाखाना हट्ट्यात, कचेरी बालाघाटात, बाजारहाट गोंदियात आणि सोयरिक भंडारा-नागपूरकडे असा आपला संसार चार गावांत विभागलेला. त्यामुळे सहल निघते तेव्हा माणसे एका गावची नसतात. कोणी हट्ट्याच्या जुन्या दगडी बावलीपाशी गाडीत बसतो, कोणी बालाघाटच्या बसस्थानकावर, तर कोणी पुढे बैहरला. हिशेबाची पहिली गाठ येथेच पडते. परंतु त्याआधी माझा स्वतःचा अपराध सांगणे प्राप्त आहे.

२०११ च्या डिसेंबरात आम्ही कोकणात गेलो होतो. आयोजक मी होतो. एका प्रवासी संस्थेकडे नोंदणी केली होती आणि दर माणशी चौदा हजार रुपये ठरले होते. पंधरा माणसांमागे एक जागा मोफत, असा अशा संस्थांचा सर्वसाधारण रिवाज असतो. आम्ही बत्तीस जण होतो, म्हणजे तीस जणांचे पैसे भरायचे आणि दोघे विनामूल्य. त्या दोन जागा मी माझ्या व सौभाग्यवतींच्या नावे मांडून घेतल्या आणि त्याबद्दल कोणाशी चकार शब्द काढला नाही. माझ्या मनाने दिलेला न्याय असा होता : दोन महिने फोन मी केले, गोंदियाला चार खेपा मी घातल्या, कोणाला खिडकी हवी आणि कोणाला खालची शायिका हवी हे मी सोसले, तेव्हा एवढे मला मिळायलाच हवे. रत्नागिरीच्या पुढे एका मुक्कामी निवासाच्या व्यवस्थापकाने खोल्यांची यादी मेजावर ठेवली. माझ्या नावासमोर 'मोफत' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. ती यादी आमच्यातील एका शल्यचिकित्सकांच्या हाती पडली. त्यांनी ती वाचली, घडी घालून माझ्याकडे दिली आणि रात्री जेवणानंतर एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही मागितले असते तर आम्ही आनंदाने दिले असते."

त्यानंतर ते आपल्या सहलीला आले नाहीत. आजही रस्त्यात भेटतात आणि रुग्णासंबंधी व्यवस्थित बोलतात, पण त्यापलीकडे नाही.

या प्रसंगाचा मी बराच विचार केला आहे. चूक कोठे झाली? दोन स्वतंत्र प्रश्न मी एकात मिसळले. मोफत जागा कोणाची, हा एक प्रश्न. आयोजकाच्या श्रमाचे काय, हा दुसरा. मोफत जागा मला माझ्या नावामुळे मिळाली नव्हती, तीस माणसे पैसे भरणारी होती म्हणून मिळाली होती. त्या तिसांपैकी प्रत्येकाने ती थोडीथोडी मिळवली होती. तीस जणांचे चार लाख वीस हजार रुपये बत्तिसांत वाटले असते तर दर माणशी तेरा हजार एकशे पंचवीस पडले असते, म्हणजे प्रत्येकाचे आठशे पंचाहत्तर रुपये वाचले असते. आणि माझा प्रत्यक्ष खर्च, फोन व पेट्रोल धरून, तीन हजारांच्या वर नव्हता. तो मी उघडपणे मांडला असता तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभरही आले नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'आयोजकाला काहीच देऊ नये' असे नाही. आपल्या समाजात एक खोड आहे. काम करणाऱ्याला आपण 'तुमच्यासारखा माणूस नाही' असे म्हणतो आणि त्याच्या पेट्रोलचेही पैसे देत नाही. मग तो बिचारा कोठून तरी वसूल करतो. २०१२ पासून आपल्या मंडळात आयोजकाचा प्रत्यक्ष खर्च पहिल्याच बैठकीत मंजूर होतो आणि सहल संपल्यावर पावत्या वाचून दाखवल्या जातात. मानधन द्यावे की नाही यावर अजून वाद आहे. द्यावे असे माझे मत आहे, कारण मानधनाचा आकडा वहीत लिहावा लागतो.

सवलत कोणाची हे ठरवताना ती कशामुळे मिळाली असे विचारले की बहुतेक गुंता सुटतो. रेल्वेत मार्च २०२० पर्यंत ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सवलत होती. साठीपुढच्या पुरुषांना चाळीस टक्के, अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना पन्नास टक्के. त्या काळी आपल्या एका सहलीत तरुण मंडळींनी सुचवले, की सर्वांचे भाडे एकत्र करून समान वाटावे, म्हणजे ज्येष्ठांची सवलतही सर्वांत वाटली जाईल. आमच्यातील एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "अहो, साठ वर्षे मी एकट्याने काढली, तेव्हा तुमच्यापैकी कोणी वाटेकरी नव्हता." बिनतोड उत्तर होते. ती सवलत वयाला होती, समूहाला नव्हती, म्हणून ती त्यांचीच. याउलट पंधरा जणांमागची मोफत जागा समूहाची. आयोजकाने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून आगाऊ पैसे भरले आणि त्याला कार्डाचे गुण मिळाले तर काय? सभासद महिनाभर वर्गणी देत नाहीत, तोवर व्याजाचा धोका त्याच्या डोक्यावर असतो. ते गुण त्याच्याकडे राहू द्यावेत असे मला वाटते. येथे मतभेद होऊ शकतो, हे मान्य करतो.

आता गाडीभाडे. कान्ह्याहून परतताना एकच गाडी आहे आणि तीत तीन घरची माणसे आहेत असे धरू. एक घर बैहरचे, एक बालाघाटचे, एक हट्ट्याचे. मुक्की ते बैहर या टप्प्याला बाराशे, बैहर ते बालाघाट या घाटाच्या टप्प्याला चोवीसशे आणि बालाघाट ते हट्टा आठशे, असे एकूण चव्वेचाळीसशे रुपये भाडे झाले असे समजा. सरसकट तीन वाटे केले तर प्रत्येक घराला सुमारे चौदाशे सदुसष्ट पडतात. बैहरचे डॉक्टर, जे जेमतेम गाडीत बसून उतरले, तेही तेवढेच देणार आणि घाट उतरून थेट हट्ट्यापर्यंत येणारेही तेवढेच. वर्षानुवर्षे आपण असेच करत आलो आणि बैहरकर मुकाट्याने देत आले.

हाच प्रश्न विमानतळाच्या धावपट्टीबाबत अर्थशास्त्रज्ञांपुढे होता. लहान विमानाला आखूड धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. मग एकाच लांब धावपट्टीचा खर्च सर्वांवर कसा बसवावा? लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी १९७३ साली त्याचे जे उत्तर मांडले ते आपल्या गाडीला तंतोतंत लागू पडते. धावपट्टीच्या पहिल्या तुकड्याचा खर्च सर्व विमानांत समान वाटायचा, कारण तो तुकडा सर्वच वापरतात. पुढचा तुकडा ज्यांना लागतो त्यांच्यातच तो वाटायचा, आणि शेवटचा तुकडा ज्याला लागतो त्यानेच पेलायचा. आपल्या उदाहरणात बाराशेचे तीन वाटे, चारशे-चारशे. चोवीसशेचे दोन वाटे, बाराशे-बाराशे. उरलेले आठशे हट्टेकरांचे. म्हणजे बैहर चारशे, बालाघाट सोळाशे, हट्टा चोवीसशे. बेरीज चव्वेचाळीसशेच. मी स्वतः हट्ट्याच्या बाजूचा असल्याने ही पद्धत माझ्या खिशाला जड पडते. तरीही एकट्याने गाडी केली असती तर पूर्ण चव्वेचाळीसशे पडले असते हे ध्यानात घेता माझा फायदा दोन हजारांचा आहे, आणि बैहरकरांचा आठशेचा. सोबतीने कोणाचेच नुकसान झाले नाही.

या गणितामागे लॉइड शॅपली या अमेरिकन गणितज्ञाचा १९५३ सालचा सिद्धान्त आहे. पुढे २०१२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सिद्धान्ताचा गाभा सोप्या भाषेत असा : समूहात माणसे एकेक करून येत आहेत अशी कल्पना करावी, प्रत्येक जण आल्याने खर्चात किंवा लाभात किती भर पडली ते पाहावे, येण्याचे सर्व संभाव्य क्रम धरून त्याची सरासरी काढावी, आणि ती सरासरी म्हणजे त्याचा वाटा. या विचाराकडे लेखाच्या अखेरीस मी पुन्हा येणार आहे.

कान्हा आपल्या दारचेच. मुक्कीचे प्रवेशद्वार आपल्याच जिल्ह्याच्या बाजूला आहे, त्यामुळे पावसाळ्याची बंदी उठली की आपल्या मंडळाला वाघाची ओढ लागते. तेथे एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय वाटाड्या आणि चालक. पूर्ण गाडीचा परवाना गाडीमागे असतो, डोक्यामागे नव्हे. अकरा माणसे गेली तर एका गाडीत सहा आणि दुसरीत पाच. एका जिप्सीचा सर्व मिळून खर्च समजा नऊ हजार नऊशे आला. गाडीगणिक हिशेब केला तर सहांच्या गाडीत दर माणशी साडेसोळाशे आणि पाचांच्या गाडीत एकोणीसशे ऐंशी. पाचांत कोण जाणार? पाचजणांनी तो मान स्वतःहून मागितलेला नसतो, यादीत खाली नाव होते एवढेच. दोन्ही गाड्यांचा खर्च एकत्र करून अकरांत वाटला की प्रत्येकी अठराशे. हे इतके साधे असूनही आम्ही एकदा त्यावर जेवणाच्या टेबलावर पाऊण तास घालवला होता. वाद वाढला त्याचे खरे कारण पैसा नव्हताच. सहांच्या गाडीला वाघ दिसला होता आणि पाचांना केवळ बारशिंगे. कान्ह्यात येऊन बारशिंगा पाहणे हे खरे तर भाग्य मानले पाहिजे, पण त्या रात्री ते कोणाला पटवून देण्याची सोय नव्हती. वाघाचे दर्शन वाटता येत नाही. दुसऱ्या फेरीला माणसांची अदलाबदल करता येते, इतकेच.

खोल्यांचेही तसेच. एक खोली नवी, जंगलाकडे तोंड असलेली, दोन जुन्या, स्वयंपाकघराला लागून. तिन्हींचे मिळून नऊ हजार. समान वाटले तर नवी खोली ज्याच्या पदरी पडली त्याला हजाराचा लाभ आणि बाकीच्यांना फोडणीचा ठसका. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या करताना एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे अशी पद्धत आहे. वाटे पाडणारा मग आपोआप समान पाडतो. पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४८ साली हाच विचार दोहोंपेक्षा अधिक वाटेकऱ्यांपर्यंत नेण्याचा प्रश्न मांडला. खोल्यांना लावायची सोपी रीत अशी, की नव्या खोलीची किंमत चढवत आणि जुन्यांची उतरवत जायचे. जेव्हा प्रत्येकाला आपली खोली त्या किमतीत इतरांच्या खोलीहून बरी वाटते तेव्हा थांबायचे. आमच्याकडे एकदा नवी तीन हजार आठशेला आणि जुन्या सव्वीसशे-सव्वीसशेला गेल्या आणि तिन्ही घरे समाधानाने झोपली.

मुलांविषयी मी बालरोगतज्ज्ञ म्हणून चार शब्द बोललो नाही तर संपादक नाराज होतील. रेल्वेने २१ एप्रिल २०१६ पासून नियम केला, की पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र शायिका हवी असेल तर पूर्ण भाडे आणि नको असेल तर निम्मे. पैसे वयाचे नाहीत, अडवलेल्या जागेचे आहेत. सहलीत हाच दंडक ठेवावा. मांडीवरच्या बाळाला वाटा नको, गादी अडवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला खोलीचा पूर्ण वाटा हवा आणि जेवणाचा निम्मा. अर्थात काही दहा वर्षांची मुले जेवणातही पूर्ण वाट्याची असतात. रात्रीच्या बैठकीच्या पेयांविषयी मात्र काहीही गणित नको : जो पितो त्याने भरावे. लिंबू सरबत पिऊन दुसऱ्याच्या बाटलीचे पैसे मी अनेक वर्षे भरले आहेत.

ऐनवेळी रद्द करणारा सभासद हा सर्वांत अवघड विषय. परवान्यावर प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो, गाडी ठरलेली असते, खोलीचे पैसे गेलेले असतात. तो आला नाही तरी हे खर्च उरतात. वाचते ते फक्त त्याचे जेवण. व्यापाऱ्याचे घर असेल तर सरळ म्हणता येईल, की ज्याने रद्द केले त्याने भरावे. पण डॉक्टर सहल रद्द करतो तो बहुधा कोणाच्या तरी पोटात बाळ अडले आहे म्हणून, किंवा एखादे पोर झटके येऊन बेशुद्ध आहे म्हणून. तो खर्च त्याच्यावर टाकायचा म्हणजे कर्तव्याबद्दल दंड करायचा. अमेरिकन तत्त्ववेत्ते जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे, की नियम करणाऱ्यांना आपल्या वाट्याला कोणती जागा येणार हे ठाऊक नाही असे समजून नियम करावेत. रुग्णाचा फोन कोणाला येणार हे निघण्याच्या महिनाभर आधी आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून रुग्णामुळे रद्द झाल्यास तो भार सर्वांनी वाटून घ्यावा आणि भाच्याच्या साखरपुड्यामुळे रद्द झाल्यास ज्याचा त्याने सोसावा, असे आपण ठरवले आहे. 'रुग्ण खरा होता का' असे कोणी विचारायचे नाही, हेही ठरवले आहे.

येथवर वहीतल्या माणसांचे झाले. यापुढचे अधिक गंभीर आहे.

मराठी माणसाला समूहाने प्रवास करणे नवे नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीतील वारकरी आपली भिशी भरतो, आणि त्यातून जेवण, तंबू व सामान वाहणारा ट्रक यांचा खर्च भागतो. वाटेवरच्या गावाने पंगत घातली तर ती दिंडीला घातलेली असते. दिंडीप्रमुखाला नव्हे. माझ्या कोकणातल्या दोन मोफत जागांचा निवाडा तेथे कधीच झालेला आहे. परंतु इरावती कर्वे यांनी आपल्या 'वाटचाल' या लेखात वारीचे वर्णन करताना दुसरीही गोष्ट नोंदवली आहे. बरोबर चालणारी, बरोबर अभंग म्हणणारी माणसे जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसत. तो लेख वाचल्यापासून कोणत्याही सहलीचा जमाखर्च पाहताना माझी नजर बेरजेआधी नावांच्या यादीकडे जाते. यादीत कोण नाही? आमच्या गाडीचा चालक तीन दिवस कोठे झोपला आणि त्याच्या जेवणाचे कोणी दिले, हे २०१४ पर्यंत आमच्या वहीत कोठेही नव्हते.

दुसरा अदृश्य माणूस म्हणजे रुग्ण. काही वर्षांपूर्वी एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने आपल्या सहलीच्या बसचे भाडे देऊ केले होते. वैयक्तिक डॉक्टरला अशी प्रवासाची सोय घेण्यास भारतीय वैद्यकीय परिषदेने २००२ च्या नियमावलीत डिसेंबर २००९ मध्ये दुरुस्ती करून बंदी घातली होती. मग २०१६ च्या दुरुस्तीने 'डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना' हे शब्द त्या कलमातून वगळले गेले. आमच्यातील कायदेपंडितांनी लगेच दाखवून दिले, की डॉक्टरने घेतले तर दोष, मंडळाने घेतले तर नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले, त्यामुळे जुनेच पुन्हा लागू झाले. दरम्यान १ जुलै २०२२ पासून वर्षाकाठी वीस हजारांवरील अशा लाभांवर दहा टक्के कर कापण्याची तरतूद आली, आणि मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची जी एकरूप आचारसंहिता केंद्र सरकारने काढली तिनेही डॉक्टर व त्यांच्या कुटुंबीयांच्या प्रवासाची सोय करण्यास कंपन्यांना मनाई केली. व्याख्यात्यासारखे थोडे अपवाद सोडून.

पण मला त्या सर्वांपेक्षा २२ फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अधिक महत्त्वाचा वाटतो. एका औषध कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च आयकरात वजावट म्हणून मागितला होता. न्यायालयाने तो नाकारला आणि असा खर्च औषधांच्या किमतीत मिसळून अखेर रुग्णांवरच पडतो, हे स्पष्ट नोंदवले. म्हणजे फुकटच्या बसचे भाडे भरणारा कोणी तरी होताच. तो किरणापुरच्या बाजूचा धान पिकवणारा शेतकरी असेल, ज्याच्या मुलाला मीच अँटिबायोटिक लिहून दिले. त्या प्रतिनिधीला आपण नकार दिला, पण एकमताने नव्हे. बससाठी प्रत्येकी सहाशे रुपये अधिक भरावे लागले आणि त्यावर कुरकुरही झाली.

तिसरी व्यक्ती आपल्यातच होती आणि ती आम्हाला दिसली नाही, याची मला सर्वांत अधिक लाज वाटते. लहान गावातले सगळे डॉक्टर एकदम सहलीला जाऊ शकत नाहीत. कोणी तरी मागे राहावे लागते. आपल्या टापूत ते काम एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाई करत. पहिल्या वर्षी त्यांची सासू आजारी होती म्हणून त्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी त्या राहिल्याच होत्या म्हणून राहिल्या. तिसऱ्या वर्षी त्यांना कोणी विचारलेही नाही. त्या तिसऱ्या वर्षी आम्ही कान्ह्यात शेकोटीभोवती बसलो असताना इकडे पहाटे एक प्रसूती झाली आणि बाळ रडले नाही. शंभरांतील सुमारे दहा नवजातांना पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते, आणि जे करायचे ते पहिल्या मिनिटात सुरू करावे लागते. एरवी अशा वेळी मला हाक जाते. त्या दिवशी बाईंनी आईला परिचारिकेच्या हवाली केले, स्वतः बाळाला पुसून, मान नीट ठेवून, मुखवट्याने श्वास दिला आणि श्वास लागल्यावर बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात पाठवले. बाळ वाचले. मी परतल्यावर वाघाची छायाचित्रे दाखवायला त्यांच्या दवाखान्यात गेलो. छायाचित्रे त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "सर, सुंदर आहेत. आता तुमचे तीन दिवसांतले एकोणीस पेशंट मी पाहिले, त्यांचे कागद घेऊन जा."

शॅपलींची पद्धत येथे लावून पाहावी. माणसे एकेक करून समूहात येत आहेत. हट्ट्याचे आले, बालाघाटचे आले, बैहरचे आले, पण मागे राहणारे कोणीच नाही. सहल निघते का? निघत नाही. मागे राहण्याची तयारी असलेली बाई त्यात आली की सहल निघते. म्हणजे सहलीच्या आनंदातला फार मोठा वाटा तिच्या असण्याने निर्माण झालेला आहे, आणि आम्ही वहीत तिच्या नावाची ओळसुद्धा ठेवली नव्हती.

त्यानंतर मंडळाने जे ठरवले ते येथे नोंदवतो, कारण नव्या सभासदांना ते ठाऊक असणे आवश्यक आहे. मागे राहण्याची पाळी क्रमाने फिरते आणि ती वर्षारंभीच लिहिली जाते. गेलेल्यांच्या रुग्णांची तपासणी फी मागे राहिलेल्या डॉक्टरची, त्यात कोणी वाटा मागायचा नाही. त्याच्या पुढच्या सहलीची वर्गणी त्या वर्षी गेलेल्यांनी मिळून भरायची. वीस जण गेले आणि वर्गणी सहा हजार असेल तर प्रत्येकी तीनशे रुपये पडतात. आणि निघण्यापूर्वी आपापल्या नाजूक रुग्णांची यादी मागच्या डॉक्टरकडे लेखी द्यायची. ही अट बाईंनी सुचवली आणि वैद्यकीय दृष्ट्या तीच सर्वांत मोलाची ठरली आहे. एकच शाखा जाणणारा एकच डॉक्टर असेल तेथे पाळीचा उपयोग नाही, ही अडचण शिल्लक आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ आपल्याकडे अजूनही त्या एकट्याच आहेत. त्या सहलीला येतात तेव्हा पूर्ण दिवस भरलेल्या बायकांना आधीच बालाघाटला नाव नोंदवायला सांगावे लागते, आणि तो त्रास त्या बायकांना होतो. याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. गोंदियाहून तीन दिवसांसाठी कोणी येईल का याची चौकशी चालू आहे, आणि त्यांचे मानधन सहलीच्या खर्चातच धरावे असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे.

यंदाची सहल मुक्कीलाच आहे. बाईंचे नाव यादीत पहिले आहे आणि शल्यचिकित्सकांनाही मी पत्र लिहिले आहे, उत्तर अद्याप आलेले नाही. बालकांच्या बाजूने मागे राहण्याची पाळी माझी आहे. तेव्हा सभासदांनी आपापल्या याद्या निघण्याच्या दोन दिवस आधी माझ्या दवाखान्यात पोहोचवाव्यात, ही विनंती.